रिकामी खुंटी

आमच्या क्लबात वगळलेल्या खेळाडूला तोंडाने कोणी सांगत नसे. सामन्याच्या सकाळी त्याच्या खुंटीला जर्सी नसायची, एवढंच. आजचा मॅनेजर खेळाडू असताना अशाच रिकाम्या खुंटीखाली ढसाढसा रडला होता, तेव्हा धाकट्या भावानेच त्याला सावरून घरी नेलं होतं. तोच भाऊ आता त्याच्या हाताखाली खेळत होता. सेमीफायनलला मॅनेजर म्हणाला, "गुडघ्यात इंजेक्शन घे आणि उतर. फायनलची जर्सी तुझीच." भावाने दोन गोल मारले आणि गुडघ्याची कायमची वाट लावून घेतली. फायनलला तो लंगडत आला, तर खुंटी रिकामी. "दादा, माझी जर्सी?" मॅनेजरने बुटाची नाडी आवळताना मानही वर केली नाही. "लंगडत काय गोल मारणार आहेस?" "आई आयुष्यात पहिल्यांदा मॅच बघायला आलीय. तिला काय सांगू?" "म्हणावं, तुझा एक मुलगा आहे ना मैदानात!"