गोडसर मिरची

वत्सलाताईंनी गच्चीवरच्या कुंडीत नागालँडची ती जहाल तिखट, सुरकुतलेली लाल मिरची वाढवली, ती एकाच हेतूने. त्यांची धाकटी जाऊ कुमुद 'मला कुठलीच मिरची झोंबत नाही' असं सगळ्या कॉलनीत सांगत फिरायची. घराच्या वाटणीवरून दोघींचं बोलणं कधीचं तुटलं होतं. दारं समोरासमोर, पण शब्द नाही.

कॉलनीत घरच्या मिरच्या चाखायची स्पर्धा होती. वत्सलाताईंनी तिथे आपली मिरची मांडली. कुमुदने सगळ्यांदेखत ती मिरची अर्धी तोडली, शांतपणे चावली आणि परीक्षकांना म्हणाली, "गोडसर आहे."

मंडळी हसली. वत्सलाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी उरलेली अर्धी मिरची उचलून तोंडात टाकली. इतक्या मायेने वाढवलेली ती मिरची त्यांनी स्वतः कधी चाखलीच नव्हती. बघता बघता कानांतून वाफा निघाल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

कुणीतरी दह्याची वाटी पुढे केली. वर पाहिलं तर कुमुद. चेहरा लालबुंद, डोळ्यांना धारा.

"वहिनी, आधी तुम्ही घ्या," ती कशीबशी म्हणाली. "मला सवय आहे."

"खोटारडी," वत्सलाताई पुटपुटल्या आणि वाटी तिच्याकडे सरकवली. "तू घे आधी."

शेवटी दोघींनी एकाच चमच्याने ती वाटी संपवली. इतक्या वर्षांचं साचलेलं एकमेकींना सांगायचं होतं, आणि नेमकी आत्ताच दोघींचीही जीभ वळत नव्हती.