चौथी तंगडी

शर्वाणीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख दिघे सर यांच्या नव्या बंगल्यावर जेवण होतं. टेबलावर आख्खी भाजलेली कोंबडी आली, तशी डाव्या हाताने जेवणारी मिहिका खिदळली, "आई, हिला चार तंगड्या!"

शर्वाणीने हातातला घास ताटात ठेवला. लेकीला जन्मतः नसलेला उजवा हात फुटावा, म्हणून गर्भात हातपाय घडवणारा जनुकांचा संकेत तिनेच आधी चाचणी म्हणून कोंबडीच्या अंड्यांत पुन्हा जागवला होता. "पिल्लं अंड्यातच मेली, प्रयोग बंद," असं सरांनीच तिला सांगितलं होतं.

"सर, ही जगली कशी?"

"सगळीच जगली होती," मिहिकाला तंगडी वाढत सर म्हणाले. "हात किती जणांना हवेत, शर्वाणी? तंगडी सगळ्यांनाच हवी असते."

मिहिकाला ती एका हाताने तोडता येईना. तिने ताट आईपुढे सरकवलं.