शिट्टीतलं मन

या हो, जवळ सरका, एका शिट्टीची गोष्ट ऐका.

कबड्डीच्या अंतिम सामन्यातली शेवटची चढाई होती. खारवाडीची किरण गडी मारून परतली, तोच पंच तोडणकरांनी शिट्टी फुंकली. "दम तुटला, बाद!"

या नव्या शिट्ट्या अशा, की फुंकणाऱ्याच्या मनातलं कारणही कर्ण्यावर बोलून दाखवत. कर्णा बोलला, "नीट ऐकू आलं नाही. पण खारवाडीच्या पोरी दम चोरतातच."

किरण धापा टाकत म्हणाली, "काका, कान माझ्याकडे ठेवायचा ना, वाडीकडे कशाला?"

मान खाली घालून तोडणकरांनी निर्णय फिरवायला पुन्हा शिट्टी फुंकली.

कर्णा बोलला, "लोकांनी ऐकलं, म्हणून फिरवतोय."

मायबाप, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा किरणच्याही आधी या तोडणकरांसाठी मागणं मागा; निर्णय फिरला, मन अजून फिरायचंय.