हेलनला सांगायचं वाक्य

"दोनच वाक्यं शिकवा गुरुजी," सारजाबाई म्हणाल्या. "जास्ती ध्यानात नाय राहायची."

गारखेड्याहून त्या सकाळीच पुंडलिकनगरला नानासाहेबांच्या घरी चालत आल्या होत्या. नानासाहेब इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी खुर्ची पुढं केली, तरी बाई खालीच बसल्या.

मल्हारी सारजाबाईंचा एकुलता एक मुलगा, नानासाहेबांचा विद्यार्थी. बापाची मेंढरं राखत शिकला आणि न्यूझीलंडला मेंढ्यांच्याच एका मोठ्या फार्मवर नोकरीला लागला. तिथल्या हेलनशी त्यानं लग्न केलं. मागच्या साली उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि तो गेला. हेलननं मात्र रविवारचा फोन चुकवला नाही. तिला मराठी येत नव्हती, यांना इंग्रजी. 'आई' आणि 'व्हय' एवढ्यावरच दोघी बराच वेळ फोन धरून बसायच्या.

परवाच्या रविवारी ती पुष्कळ बोलली, आणि रडली. शेजारच्या द्वारकाबाईंच्या सुनेनं ऐकून सांगितलं, की हेलनला दुसरं लग्न करायचंय आणि ती तुमची परवानगी मागतेय. सारजाबाई फोन कानाला धरून बसून राहिल्या. पलीकडून हेलन नुसती "आई? आई?" म्हणत राहिली, आणि मग फोन बंद झाला.

"काय सांगायचंय तिला?" नानासाहेबांनी विचारलं.

"तिचं चांगलं व्हावं, असं." बाई जरा थांबल्या. "आन् माझा मल्हारी असायला पायजे व्हता, असं."

पहिल्याला इंग्रजीत होप म्हणतात आणि दुसऱ्याला विश, असं नानासाहेबांनी सांगितलं. बाईंना ते पटेना. दोन्ही मनातलंच मागणं, मग शब्द दोन कशाला, असं त्यांनी विचारलं. हाच धडा त्यांनी जन्मभर फळ्यापुढं उभं राहून शिकवला होता. मल्हारीलाही शिकवला होता.

"जे अजून होऊ शकतं, त्याला होप," ते म्हणाले. "आणि जे आता..."

"व्हणार नाय, त्याला दुसरा," सारजाबाईंनीच पुरं केलं.

मग त्यांनी दोन्ही वाक्यं घोकली. विशचं त्यांच्या तोंडी 'ईस' व्हायचं. नानासाहेबांनी ते सुधारलं नाही. पाठ झाल्यावर बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, की फोनवर पहिलंच सांगायचं. दुसरं ऐकून पोरीचा पाय अडकंल.

"मग दुसरं कशाला शिकलात?"

"माझ्यापुरतं."

नानासाहेबांनी फोन लावून दिला. हेलननं उचलला. बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसं बोलल्या, "आय होप... यू विल बी हॅपी."

पलीकडं काहीच आवाज नव्हता. बाईंना वाटलं, चुकलं. त्यांनी नानासाहेबांकडं पाहिलं, नानासाहेबांनी बरोबर आहे अशी मान हलवली. तेवढ्यात हेलनचा रडवेला आवाज आला.

"आई, आय विश..."

पुढं तिला बोलता येईना. नानासाहेब अर्थ सांगायला पुढं झुकले. बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

"व्हय," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "व्हय, बाई."

हेलन कुरणातच उभी असावी. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि लांबवर एक मेंढी एकसारखी ओरडत होती. बाई कान देऊन ऐकत राहिल्या.

"काय म्हणतेय ती?" नानासाहेबांनी हळूच विचारलं.

"ती नाय, मेंढी वरडतीय. कोकरू गेलं की अशीच वरडती."

"मग?"

बाईंनी फोन कानापासून काढला नाही.

"मग चरती," त्या म्हणाल्या.