हॉब्सन पार्कातला शोध

"तू नुसती वाट दाखवलीस गं, शोध माझाच!" सबनीस सर सगळ्यांसमोर म्हणाले आणि हिरानं हुडकलेल्या डबीसोबत स्वतःचाच फोटो काढला. मोबाइलवर खूण बघून लपवलेली डबी हुडकायची, असा हा हॉब्सन पार्कातला जिओकॅशिंगचा खेळ.

हिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पार्काला ज्याचं नाव, त्या इंग्रज हॉब्सनसाहेबाला इथल्या घाटाची वाट तिच्याच ठाकर पणज्यानं दाखवली होती. पार्काच्या पाटीवर मात्र घाटाचा शोध साहेबाचा.

पुढच्या रविवारी डबी तिनंच लपवली, खाजकुयलीच्या जाळीत. "या सर, त्या मखमली शेंगांच्या मागं."

सरांनी सगळ्यांना ढकलून दोन्ही हात खुपसले आणि क्षणात अंग ओरबाडत नाचू लागले.

"अगं, काय आहे हे?"

"शोध तुमचाच ना, सर?" हिरा म्हणाली. "मग या जाळीला नाव पण तुमचंच देऊ."