बिनतिखटाचा रविवार

अठ्ठ्याण्णव साली पिराजीअण्णांना हृदयाचा झटका येऊन गेला आणि डॉक्टरांनी मटण, तेल, तिखट सगळं बंद केलं. पहिल्याच रविवारी त्यांच्या बायकोनं, अंजनाकाकूंनी, थेंबभर तेलात कोवळा घेवडा घालून चिकन शिजवलं. अण्णांनी ताट सरकवलं.

"हे आजाऱ्याचं खाणं मला न्हाय जमायचं," म्हणत तांबड्या रश्श्याच्या आशेनं ते शिवाजी पेठेतल्या मित्रांकडं निघाले.

पहिल्या घरात घेवडा-चिकनच पुढं आलं. माणूस घरच्या ताटाला नावं ठेवतो, दुसऱ्याच्या घरी मात्र मुकाट्यानं जेवतो. अण्णांनी ताट पुसून खाल्लं. दुसऱ्या घरातही तेच. तिसऱ्या घरात मात्र त्यांना राहवलं नाही.

"वहिनी, समद्या पेठेला झटका आलाय व्हय?"

वहिनी पदराआड हसल्या.

अण्णा घरी परतले तेव्हा काकू लग्नघरातलं वाटावं एवढं मोठं पातेलं घासत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी कुणाकडं जाणार ते आदल्या दिवशी सांगा की. आज अंदाजानं सात घरांत डबं पोचवलं, पाय मोडलं माझं."