वाया गेलेली कॅसेट

अण्णा तानपुरा घेऊन भिंतभर पडद्यावर बसले, तेव्हा साठीतल्या उल्काताईंनी नकळत पदर सावरला.

त्यांच्या धाकट्या भावानं, श्रीरंगनं, नवी म्युझिक सिस्टीम होम थिएटरला जोडली होती. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, गाण्याच्या जुन्या कॅसेटमध्ये ज्याचा आवाज असेल, तो माणूस, ती वस्तू पडद्यावर जशीच्या तशी उभी राहायची. अण्णांच्या गळ्याची ताणलेली शीर दिसत होती, तबल्यावरची बोटं दिसत होती. दाराशी मात्र नुसताच अंधार होता.

"आई कुठंय रे? ती तर तिथंच बसायची."

"बसायची, पण हूं की चूं करायची नाही. रेकॉर्डिंग असलं की बांगड्यासुद्धा कोपराकडे सारून वर रुमाल बांधायची. आवाजच नाही, तर ही सिस्टीम दाखवणार काय, ताई?"

ताई त्या अंधाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती वाया गेलेली कॅसेट लाव बघू. अण्णा भडकले होते ती."

पुन्हा अण्णा गायला लागले. आलाप रंगात आला आणि मध्येच किणकिण झाली. दाराशी काचेच्या बांगड्या घातलेले दोन हात उमटले.

अण्णा थांबले. "अगं, शंभरदा सांगितलं, रुमाल घट्ट बांध म्हणून!"

"चुकलं हो."

त्या दोन शब्दांपुरता आईचा चेहरा उजळला, ओशाळून हसणारा. लगेच अण्णांनी खटकन टेप बंद केला आणि पडदा काळा झाला.

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. "अजून थोडं रागवायचं होतंत हो, अण्णा."